बेळगावच्या व्हॉट्सअ‍ॅप लेखन-ग्रुपवर कुणी भडक पोस्ट टाकली तर अ‍ॅडमिन अडकतो का?

दुसऱ्याच्या पोस्टमुळे अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हेच म्हटलं: सभासदाशी संगनमत असेल तरच जबाबदारी. पण तो निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा. आपलं बेळगाव-खानापूर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाखाली येतं. तिथे तो दाखला म्हणून देता येतो, बंधनकारक नाही. शिवाय भाषेवरून तेढ वाढवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हाच आहे. म्हणून १ नोव्हेंबरला (सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस आणि कर्नाटकाचा राज्योत्सव एकाच दिवशी, मग काय विचारता!) ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’वर ठेवा. एरवी सीमाप्रश्नावरच्या कविता उडवू नका, शिवीगाळ उडवा. आणि का उडवली ते ग्रुपवरच लिहा, नाहीतर दुसऱ्या दिवशी रुसलेल्यांचा वेगळा ग्रुप निघतो.