डॅशकॅमच्या व्हिडिओतून गाडीचा मार्ग नकाशावर कसा काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून दापोलीला जाऊन आलात, डॅशकॅमच्या, म्हणजे गाडीतल्या कॅमेऱ्याच्या कार्डावर तीन-तीन मिनिटांच्या दोनेकशे फायली आहेत, चित्रावर खाली वेग आणि अक्षांश-रेखांश उमटलेले दिसतात, पण मार्गाची वेगळी फाइल कुठेच नाही. तो मार्ग मिळेल का?

बहुतेक मिळेल. वेगळी फाइल दिसत नाही, कारण ती व्हिडिओच्या पोटातच आहे. पण आधी एक करा. कार्ड गाडीतून काढा आणि सगळ्या फायली कार्ड रीडरने जशाच्या तशा संगणकावर उतरवा. कॅमेरा जुन्यावर नवे लिहीत जातो, रोज ऑफिसला जाण्यायेण्यात दापोली पुसली जायला वेळ लागत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी नेमके उलटे केले होते. सगळे तुकडे एका मोफत एडिटरमध्ये जोडून एकच मोठा व्हिडिओ केला, कार्ड फॉरमॅट करून परत गाडीत लावले आणि मग निवांतपणे मार्ग शोधायला बसलो. चित्र होते, आवाज होता, मार्ग गायब. एडिटरला चित्र आणि आवाज एवढेच कळते, बाकीचे तो अडगळ समजून टाकून देतो. एफएफएमपेग या कमांडने चालणाऱ्या व्हिडिओ-साधनाने नुसते कापले-जोडले, चित्राला हातही लावला नाही, तरी बऱ्याचदा हेच होते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेल्या फाइलचीही तीच गत. पाठवायचीच झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

ही अडगळ नेमकी कुठे असते, ते एकदा समजले की पुढचे सोपे जाते. एमपी४ फाइल म्हणजे डब्यात डबा. नोव्हाटेकची चिप असलेल्या कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ व्हायोफो या कंपनीच्या कित्येक मॉडेलांत, एका छोट्या डब्यात नुसती यादी असते: फाइलमध्ये अमुक बाइटवर जा, तिथे एक नोंद आहे, मग तमुक बाइटवर जा. त्या पत्त्यावर चित्राच्या डेटामध्येच अधूनमधून खोचलेली एकेक नोंद सापडते. तारीख-वेळ, उपग्रह सापडले होते की नाही, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा. दर सेकंदाला एक. आता लक्षात येईल की फाइल कापली की घोटाळा का होतो: पत्ते जुने राहतात आणि घरे हललेली असतात. ब्लॅकव्ह्यू या कंपनीच्या कॅमेऱ्यांची तऱ्हा वेगळी. तिथे जीपीएस यंत्राने जी वाक्ये उच्चारली ती, म्हणजे एनएमईए या ठरलेल्या साच्यातल्या मजकुराच्या ओळी, एका डब्यात तशीच साठवलेली असतात.

हे सगळे हाताने उकरायची गरज नाही. फिल हार्वी यांचे एक्झिफटूल हे मोफत साधन बहुतेक कॅमेऱ्यांच्या तऱ्हा ओळखते. कमांड लिहिताना नावापुढे डॅश देऊन इंग्रजी 'ई' दोनदा लिहायचा. तो नसेल तर साधन वरवरची माहिती देऊन थांबते, आणि लोक 'माझ्या कॅमेऱ्यात जीपीएसच नाही' म्हणून मोकळे होतात. फाइल टीएस प्रकारची (एमपी४ऐवजी काही कॅमेरे वापरतात तो प्रकार) असेल किंवा काहीच निघाले नाही, तर त्या दोन 'ई'ला चिकटून ३ लिहा. मग ते अख्खी फाइल चाळते. चहा करून या. साधनासोबत येणाऱ्या फोल्डरमध्ये जीपीएक्सचा, म्हणजे नकाशाची साधने वाचतात त्या मार्गाच्या फाइलचा, तयार साचा असतो, तो 'पी' या पर्यायाने जोडला की थेट जीपीएक्स फाइल हाती पडते.

आधी एकाच फाइलवर करून बघा. तीन मिनिटांच्या व्हिडिओतून साधारण १८० बिंदू निघायला हवेत. तेवढे आले तर सगळा फोल्डर एकदम द्या. फायलींच्या नावातच तारीख-वेळ असते, त्यामुळे क्रम सहसा आपोआप बरोबर लागतो. वेगही हवा असेल तर तो सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या आकड्यांच्या तक्त्यात) वेगळा काढा, कारण जीपीएक्सच्या १.१ आवृत्तीत वेगासाठी जागाच ठेवलेली नाही. जीपीएक्स क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये किंवा गुगल अर्थमध्ये उघडते.

कुणाची तरी पायथन स्क्रिप्ट वापरणार असाल, किंवा स्वतः लिहिणार असाल, तर एका सापळ्यात हमखास पाय अडकतो. कॅमेरा सहसा अक्षांश दशांश अंशांत लिहीत नाही. अंश आणि मिनिटे एकमेकांना चिकटवून लिहितो. शनिवारवाडा त्याच्या भाषेत १८३१.१७ आणि ७३५१.३२. याचा अर्थ १८ अंश ३१.१७ मिनिटे. मिनिटांना ६० ने भागून अंशांत मिळवले की १८.५१९५ येते. घाईत नुसते १०० ने भागले की १८.३१ आणि ७३.५१, आणि गाडी शनिवारवाड्यावरून उचलून थेट तोरण्याच्या पश्चिमेला डोंगरात, चाळीसेक किलोमीटर लांब जाऊन पडते. गंमत म्हणजे मार्गाचा आकार साधारण ओळखू येतो, त्यामुळे चूक चटकन ध्यानात येत नाही. वेगही मुळात सहसा नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल अशा मापात असतो. किलोमीटरसाठी १.८५२ ने गुणा, नाहीतर घाटात फारच सभ्यपणे गाडी चालवल्याचा भास होईल.

वेळेचेही बघा. जीपीएक्समध्ये वेळ यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) असावी असा संकेत आहे, पण कॅमेऱ्याने घड्याळातली आपली वेळ लिहिली असेल तर सगळे साडेपाच तासांनी सरकते. पहिला बिंदू आणि चित्रावर उमटलेली वेळ ताडून पाहिली की उलगडा होतो.

मार्ग अखंड येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. गाडी सुरू केल्यावर उपग्रह सापडेपर्यंतचा तुकडा कोरा असतो. महाड-पोलादपूरवरून गेला असाल तर कशेडीच्या बोगद्यात एकतर सरळ रेघ दिसेल किंवा गाडी तोंडाशीच थिजलेली दिसेल. ताम्हिणीने गेला असाल तर दाट झाडी आणि कड्यांखाली रेघ रस्ता सोडून दरीत उतरते. ते हाताने नीट करावे लागते, मी करत बसत नाही.

एक्झिफटूलला काहीच सापडले नाही तर शेवटचा उपाय चित्रावरचे आकडे टेसरॅक्ट या चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या साधनाने वाचण्याचा. करता येते, पण रात्रीच्या व्हिडिओत ३ चा ८ होतो आणि गाडी थेट तेलंगणात जाते.

नकाशा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणार असाल, तर जातानाची पहिली आणि येतानाची शेवटची फाइल वगळून जीपीएक्स बनवा. नाहीतर तुम्ही गाडी रोज कुठल्या गल्लीत लावता, ते सगळ्यांना कळेल.

कॅमेऱ्याचे मॉडेल आणि पहिल्या फाइलमधून किती बिंदू निघाले ते लिहा, अडलात तर बघू.