ट्रंकेटचा रोलबॅक आणि क्लासची फी

प्रश्न: मी भांडुपला राहते, टीवायबीएस्सी आयटीला आहे. मुलाखतीत एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या डिलीट, ट्रंकेट आणि ड्रॉप या कमांडमधला फरक विचारला. 'ट्रंकेट रोलबॅक होत नाही', म्हणजे केलेला बदल मागे घेता येत नाही, असं म्हटल्यावर समोरचे सर म्हणाले, 'कुठल्या डेटाबेसमध्ये?' मी गप्पच बसले. एसक्यूएलचा वेगळा क्लास लावू का? बाबा हो म्हणतायत, पण फी बघून मलाच जड वाटतंय.

उत्तर: एवढ्यासाठी क्लास लावू नकोस. तुझं उत्तर अर्धं बरोबर होतं. ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये ट्रंकेट चालवलं की कमिट आपोआप होतो, म्हणजे बदल कायमचा होतो, मग रोलबॅक करून काही हाती लागत नाही. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के किंवा रद्द होणारे बदल) सुरू करून ट्रंकेट केलं, तर कमिटच्या आधी मागे फिरता येतं. नोट्समधल्या तक्त्यात हे क्वचितच असतं. तो झेरॉक्स होत होत पिढ्यान्‌पिढ्या फिरतोय.

बाकी तुला येतंच: डिलीट व्हेअरची अट लावून हव्या त्या ओळी काढतं, ट्रंकेट टेबल रिकामं करतं, ड्रॉप टेबलच घालवतं. पण हे हाताखालून जायला हवं. मायएसक्यूएल फुकट मिळतं. त्यात ऑटो इन्क्रिमेंट, म्हणजे आपोआप वाढत जाणाऱ्या, आयडीचं टेबल बनव, ५ ओळी भर, सगळ्या डिलीट कर आणि एक नवी टाक. आयडी ६ येईल. डिलीटऐवजी ट्रंकेट करून बघ, १ येईल. मग या टेबलाशी फॉरेन कीने जोडलेलं, म्हणजे याच्या आयडीचा संदर्भ घेणारं, दुसरं टेबल कर आणि पहिलं पुन्हा ट्रंकेट करायला जा. एरर येईल, ती नीट वाच.

'डिलीट रोलबॅक होतं' हेही असंच घोकलेलं वाक्य. मायएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट मुळातच चालू असतो, म्हणजे प्रत्येक कमांड लगेच कमिट होते. ट्रान्झॅक्शन सुरू न करता, व्हेअर विसरून डिलीट मारलंस, तर रोलबॅकचा काही उपयोग नाही. म्हणून कामावरची जाणती माणसं आधी तोच व्हेअर लावून सिलेक्ट (ओळी फक्त दाखवणारी कमांड) चालवतात, किती ओळी येतात ते बघतात, मगच डिलीट करतात. मुलाखतीत हे सांग. फ्रेशरच्या हाती डेटा द्यावा की नाही, हे त्यांना त्यातून कळतं.

बाबांना सांग, फीचे पैसे सध्या राहू देत. नोकरी लागल्यावर तिथे कुठला डेटाबेस आहे ते कळेल, तेव्हा त्याचाच कोर्स बघता येईल.