‘मार्कर’वाल्या गव्हाला दुप्पट पैसे मोजू नका

प्रश्न : दुकानात ‘डीएनए मार्कर’चे गहू बियाणे दुप्पट भावाने मिळते. तांबेरा (पानावर नारिंगी भुकटी आणणारा बुरशीचा रोग) येणारच नाही, युरिया बिनधास्त टाका, असे दुकानदार सांगतो. घ्यावे का?

उत्तर : घेऊ नका. मार्कर हे बियाण्यात घालायचे औषध नाही. ती डीएनएतली, जनुकाजवळची खूण आहे आणि ती पैदासकाराच्या, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्याच्या कामाची. एलआर 24 सारखे तांबेरा रोखणारे एक जनुक रोपात असले की पान स्वच्छ राहते. मग सोबत दुसरे आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. आणि एकाच जनुकावर विसंबलेला वाण तांबेऱ्याची नवी प्रजात आली की मार खातो. म्हणून दोन-तीन जनुके एकत्र आणायची, आणि ती आली का हे रोपाच्या नखाएवढ्या पानावरून, मार्कर शोधून तपासायचे. गव्हात गुणसूत्रांचे तीन संच, त्यामुळे बहुतेक जनुकांच्या मिळत्याजुळत्या तीन प्रती. त्यातली नेमकी हवी ती पकडणे हीच खरी अडचण. 2018 मध्ये गव्हाचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हे काम सोपे झाले. डीएनएतल्या एका अक्षराचा फरक चमकेवरून ओळखणाऱ्या ‘कास्प’ चाचणीत डीएनएचे तुकडे जेलीच्या थरातून वेगळे करत बसावे लागत नाही. हजारो रोपे तपासायची तर चाचणी स्वस्तच हवी. पण तो खर्च संशोधन केंद्राचा, तुमच्या पिशवीवर चढवायचा नाही.

पिशवीवरचा टॅग बघा. निळा म्हणजे प्रमाणित. हिरवा असेल तर ती फक्त विकणाऱ्याची हमी. पक्के बिल घ्या.

आता युरिया. दुकानदाराचे अजिबात ऐकू नका. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला एकरी 48 किलो नत्र (खतातला नायट्रोजन; युरियाचे वजन नव्हे) पुरे. निम्मे पेरताना, निम्मे 21 दिवसांनी. मिश्रखतातले नत्र यातच धरा. जादा युरियाने पीक काळेभोर दिसते, लोळते आणि तांबेऱ्याला आयतेच सापडते. अशा कितीतरी शेतांत पान चोळल्यावर माझा अंगठा नारिंगी झाला आहे. पुन्हा सांगतो, जादा युरिया नको.

तांबेरा दिसताच प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक फवारा, 10 लिटर पाण्यात 10 मिली. वीस मिली नाही. ‘सोबत हे टॉनिकही घ्या’ म्हटले की दुकानातून बाहेर पडा.

पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा. लोकवन वाणाची चपाती चांगली, मान्य; पण तो तांबेऱ्याला बळी पडतो. माझा आग्रह फुले समाधानचा, निफाडच्या कृषी संशोधन केंद्राचा वाण आहे, उशिरा पेरणीलाही चालतो. अनुदानित बियाण्यासाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा, मुदत सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहाय्यक) विचारा.

आणि दरवर्षी पिशवी कशाला? गहू स्वपरागित आहे. एकदा प्रमाणित बियाणे आणा, भेसळीची झाडे ओंबीवर असतानाच उपटा, मळणी वेगळी करा, तीन वर्षे घरचे वापरा. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा. 85 उगवले तर बिनधास्त पेरा.