बी.फार्म.वरून अमेरिकेत नर्सिंगचं मास्टर्स

नर्सिंगची डिग्री नसली तरी चालतं, पण आधी कोर्स कुठे नेतो ते बघा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एन्ट्री कोर्समधून (नर्सिंगची डिग्री नसलेल्यांसाठीचा) तुम्ही आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स होता; नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः निदान आणि उपचार करणारी वरच्या पातळीची नर्स, नाही. येल विद्यापीठाचा कोर्स मात्र त्या पातळीपर्यंत नेतो, म्हणून तिथे स्पेशालिटी अर्जातच निवडावी लागते.

खरी अडचण प्रीरिक्विझिट्सची, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण असावे लागणाऱ्या विषयांची. अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीचे दोन भाग आणि मायक्रोबायोलॉजी, तिन्ही लॅबसकट; शिवाय स्टॅटिस्टिक्स, बऱ्याच ठिकाणी न्यूट्रिशन आणि ह्यूमन डेव्हलपमेंट. आपल्याकडे थिअरी आणि प्रॅक्टिकलचे मार्क वेगळे असतात. भारतीय डिग्रीच्या अमेरिकी मूल्यांकनात ते कसे उतरतील याचा नेम नाही, म्हणून सिलॅबसची प्रत जवळ ठेवा आणि विषय चालेल का हे अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेलनेच विचारा. फोनवरचं 'चालेल' नंतर कामाला येत नाही. अनेक कॉलेजं पाच-सात वर्षांपूर्वीचे सायन्स विषय धरत नाहीत. तसं असेल तर वाद न घालता कम्युनिटी कॉलेजमध्ये (अमेरिकेतली स्वस्त, दोन वर्षांची स्थानिक कॉलेजं) ते विषय पुन्हा करा. ताजा ए ग्रेड तसाही उपयोगी पडतो.

हे मूल्यांकन करणाऱ्या डब्ल्यूईएस या संस्थेचा रिपोर्ट कोर्स-बाय-कोर्सच मागवा; नुसता डिग्रीचा स्वस्त पडतो, पण त्यात विषयवार क्रेडिट नसतात. ट्रान्स्क्रिप्टसाठी विद्यापीठाकडे सहा महिने आधीच अर्ज टाका. नर्सिंगकॅसवर (अनेक नर्सिंग कॉलेजांचा सामाईक ऑनलाइन अर्ज) सबमिट केल्यावरही पडताळणीत काही आठवडे जातात, तेव्हा डेडलाइनच्या आदल्या रात्रीचा उद्योग नको.

निबंधात 'लहानपणापासून सेवेची आवड' टाळा. सीएनए, म्हणजे नर्सच्या हाताखालचा प्रमाणित सहाय्यक, म्हणून काम केलं असेल तर एका शिफ्टमध्ये नेमकं काय केलं ते लिहा.