कंप्रेसर घेतला खरा, पण फरकच कळत नाही!

प्रश्न : दादा, मी स्ट्रॅट टाइप गिटारवर क्लीन ऱ्हिदम वाजवतो. सगळे म्हणतात म्हणून डायना कॉम्प (एमएक्सआर कंपनीचं पेडल) टाइपचा दोन नॉबवाला कंप्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणारं पेडल, घेतला. दोन्ही नॉब अर्ध्यावर ठेवले तर आवाज मोठा होतो आणि बरा वाटतो, पण बँडबरोबर वाजवताना पार दबून जातो. पेडल खराब आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : पेडल ठीकच असणार रे. 'मोठा होतो आणि बरा वाटतो' असं तूच लिहिलंयस ना, तिथेच घोळ आहे. आवाज जरा मोठा झाला की कानाला तो चांगलाच वाटतो, मग टोन सुधारला की नुसता व्हॉल्यूम वाढला हे कळतच नाही. म्हणून आधी सेन्सिटिव्हिटी (किती दाबायचं ते ठरवणारा नॉब) पूर्ण खाली घे, मग आउटपुट (बाहेर पडणाऱ्या आवाजाचा नॉब) असा लाव की पेडल चालू-बंद केलं तरी आवाज तेवढाच राहील, आणि मग सेन्सिटिव्हिटी हळूहळू वर ने, प्रत्येक वेळी आउटपुट परत जुळवत. हलका वाजवलेला सूर नीट ऐकू यायला लागला की थांब. बहुतेक लोक इथून पुढे बरंच जातात आणि मग ऱ्हिदमचा जीवच जातो.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो. एका ठरावीक पातळीच्या वर सिग्नल गेला की पेडल त्याला आवरतं. रेशो, म्हणजे आवरण्याचं प्रमाण, ४:१ असेल तर पातळीच्या ८ डेसिबल वर गेलेला ठोका बाहेर पडताना २ डेसिबलच वर राहतो. मोठं लहान झालं, की मग सगळंच थोडं वर उचलता येतं. पण बँडमध्ये तुझी गिटार ड्रम्स आणि बासमधून बाहेर येते ती पिकच्या त्या पहिल्या 'टक'मुळे, आणि नेमका तोच तू चेपून टाकलायस. बॉसच्या सीएस-३ वर लेव्हल, टोन, अटॅक, सस्टेन असे चार नॉब आहेत, तिथे अटॅक, म्हणजे पेडल किती लवकर आवरायला लागेल ते, हाताशी असतं. पेडलनं आवरायला जरा वेळ घेतला तर 'टक' सुटून जातो आणि मागचा सूर तेवढा दाबला जातो, अमेरिकेतल्या नॅशव्हिलची कंट्री संगीतवाली मंडळी जे टकाटक वाजवतात त्यात याचा मोठा वाटा आहे. तुझ्या पेडलवर अटॅकचा नॉबच नाही, त्यामुळे कमी कंप्रेशन हाच तुझा उपाय. असलंच पेडल वापरून 'द पोलीस' या रॉक बँडच्या गिटारवादक अँडी समर्सनं काय स्वच्छ क्लीन टोन काढलाय ते ऐक, म्हणजे नॉब दोनच आहेत ही तक्रार राहणार नाही.

प्रश्न : चर्चमध्ये क्वायरबरोबर वाजवते. कंप्रेसर लावला की वाजवायचं थांबल्यावर 'स्सss' असा आवाज वर येतो. ओव्हरड्राइव्हच्या (आवाज फाटका करणाऱ्या पेडलच्या) आधी लावायचा की नंतर? – एक वाचक, वसई

उत्तर : ताई, तो आवाज येणारच, कारण तार शांत होत गेली की पेडलनं दाबलेला गेन परत सुटतो आणि इतका वेळ खाली असलेला हिस, सिंगल कॉइल पिकअपची घूंऽऽ (हम), सगळं त्याच्याबरोबर वर येतं. ओव्हरड्राइव्हच्या नंतर लावलात तर त्याचाही हिस वाढवून मिळेल, शिवाय ओव्हरड्राइव्ह स्वतःच सिग्नलचे शेंडे कापून थोडं कंप्रेशन करत असतो, मग दोनदा दाबून काय मिळवायचं? त्यामुळे गिटार, कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह, शेवटी डिले-रिव्हर्ब. याचाही तोटा आहे बरं का! गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी करून ओव्हरड्राइव्ह साफ करायची सवय असेल तर ती युक्ती आता नीट चालणार नाही, तुम्ही कमी केलेलं कंप्रेसर परत भरून काढतो. अशा गाण्याला सरळ बंद ठेवा. आणि सगळी पेडल्स एकाच स्वस्त अॅडॅप्टरवर असतील तर कंप्रेसर एकदा बॅटरीवर चालवून बघा (ती सोय असेल तर), हम गेला की दोषी कोण ते कळलंच.

प्रश्न : ऑर्केस्ट्रात लीड वाजवतो. सूर लांबत नाही, कंप्रेसर घेऊ का? – एक वाचक, पुणे

उत्तर : थोडा फायदा होईल, पण तार विझायची तेव्हा विझणारच, पेडल फक्त तिचा मावळता आवाज वर ओढतं. सस्टेन नॉब फुल्ल करून मॉनिटरसमोर (स्टेजवरच्या स्पीकरसमोर) उभे राहिलात तर सुराआधी फीडबॅक लांबेल! आधी फ्रेट्स आणि तारांची उंची दाखवून घ्या, जुन्या तारा बदला. त्यानंतरही घ्यायचाच असेल तर ब्लेंड नॉबवाला बघा, मूळ सिग्नल सोबत मिसळता येतो, म्हणजे पिकचा ठोकाही राहतो आणि सूरही जरा टिकतो.