झोप मोडून मायलेज वाढवायचं का?

प्रश्न : मी डोंबिवलीला राहतो, ऑफिस बीकेसीला. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची हाफ (21 किलोमीटरची) करायचीय. रात्री घरी पोचेस्तोवर साडेनऊ, मग जेवण-बिवण, थोडा मोबाईल, झोपायला बारा वाजतातच, आणि ग्रुपबरोबर धावायचं म्हणून साडेचारचा अलार्म. आधी जो पेस (धावण्याचा वेग) गप्पा मारत जमायचा त्याच पेसला आता जीव जातो, पाय दगड झालेत, पण घड्याळात हार्टरेट बघतो तर तेवढाच! कोच म्हणतो मायलेज, म्हणजे आठवड्याचे किलोमीटर, वाढव, बायको म्हणते आधी झोप. कोणाचं ऐकू? आणि रेसच्या आदल्या रात्री झोपच नाही लागली तर?

उत्तर : वहिनींचं ऐका, विषय संपला.

बरं, कारण सांगतो. तुमचं घड्याळ खोटं बोलत नाहीये. 1981 सालचा एक प्रयोग आहे, लोकांना 36 तास जागं ठेवलं आणि मग ट्रेडमिलवर दमेपर्यंत चालवलं, तर सरासरी 11 टक्के लवकर हात टेकले त्यांनी. गंमत म्हणजे हार्टरेट, ऑक्सिजन वगैरेत काही फरक नव्हता, फक्त तेवढंच काम त्यांना जास्त जड वाटत होतं. म्हणजे इंजिन ठीक असतं हो, पण डोकं आधीच 'बास' म्हणतं, आणि लांब पल्ल्यात तर सगळा खेळ डोक्याचाच. दहा सेकंदांच्या स्प्रिंटला हे एवढं जाणवत नाही, दोन-सव्वादोन तास पळायचं म्हटलं की जाणवतं.

त्यात रात्रभर जागरण झालं तर स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे धावायला लागणाऱ्या इंधनाचा, साठाही कमी भरतो असं दिसलंय. ग्रोथ हार्मोन मुख्यतः झोपेच्या पहिल्या काही तासांतल्या गाढ झोपेत सुटतं, रिपेअरिंग तेव्हाच चालतं, आणि तुम्ही साडेचार तासांत उठून परत त्याच पायांवर दहा किलोमीटर टाकताय. सर्दी-खोकला होतोय का सारखा? 2015 च्या एका अभ्यासात लोकांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा व्हायरस सोडला होता, तर सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. ऐन डिसेंबरात आजारी पडलात तर मायलेज गेलंच की.

उलट बाजूही बघा. 2019 मध्ये सायकलपटूंना सलग तीन रात्री साधारण साडेआठ तास झोपवलं, तर तासाभराच्या टाइम ट्रायलमध्ये (घड्याळ लावून एकट्याने मारायच्या शर्यतीत) ते नेहमीपेक्षा 3 टक्के फास्ट निघाले. अभ्यास छोटा होता, तुम्हालाही तेवढंच मिळेल असं नाही, पण सव्वादोन तासांच्या हाफमध्ये 3 टक्के म्हणजे चार मिनिटं झाली, आणि लोक चार मिनिटांसाठी पंधरा हजारांचे शूज घेतात!

आता करायचं काय तर आठवड्यात दोन पहाटेचे रन सरळ बंद. त्याऐवजी ऑफिस सुटल्यावर बीकेसीतच हलकं धावा, तोवर लोकलची गर्दीही जराशी ओसरते (कुर्ल्याला संध्याकाळी सीट मिळवून डुलकी काढा असं सांगणार होतो, पण ते मेडलपेक्षा अवघड आहे). संध्याकाळची कॉफी बंद, सहाला प्यायलेल्या कॅफीनपैकी जवळपास निम्मं अकरालाही अंगात असतं. मोबाईलचं मी काय सांगायचं, वहिनी सांगतच असतील. रविवारचा लाँग रन ठेवा, पण मग शनिवारी दहाला दिवे बंद. तीनेक आठवडे नीट झोपूनही पाय जडच राहिले तर हिमोग्लोबिन आणि बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या, सगळंच झोपेच्या माथी मारू नका.

आदल्या रात्रीचं टेन्शन सोडा. रविवारी पहाटेचा स्टार्ट, त्यात हाफ सुटते माहीमहून, डोंबिवलीहून तिथे गाठायचं म्हणजे धड झोप होणारच नाहीये, जवळपास सगळ्यांचं तेच असतं, आणि त्या एका रात्रीची भरपाई ॲड्रेनलिन बऱ्यापैकी करून देतं. गुरुवार-शुक्रवारची झोप मात्र सोडू नका. माहीम-दादरकडे कोणी नातेवाईक असेल तर शनिवारी तिकडेच मुक्काम टाका.

प्रश्न : माझं स्मार्टवॉच रोज स्लीप स्कोअर कमी दाखवतं, त्या काळजीने आणखीच झोप येत नाही. काय करू? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : रात्री काढून ठेवा ताई. झोपेचे एकूण तास ती घड्याळं ठीकठाक सांगतात, पण गाढ झोप किती, हलकी किती यात बऱ्याचदा गंडतात. सकाळी फ्रेश वाटतंय आणि दुपारी मीटिंगमध्ये मान पडत नाहीये ना, मग स्कोअर गेला उडत.