वाचकांचे प्रश्न : रोजच्या महामार्गासाठी मोटरसायकल कोणती?

प्रश्न : माझे कामाचे ठिकाण घरापासून ७० किलोमीटरवर असून आठवड्यातून चार दिवस मी महामार्गाने मोटरसायकलवरून ये-जा करतो. सध्याची गाडी १२५ सीसीची आहे. ताशी ८५ किलोमीटरने ती चालते खरी, परंतु घरी पोहोचेपर्यंत उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात आणि कंबर धरते. माझी उंची १६५ सेंटिमीटर आहे. मित्रमंडळी क्रूझर घे म्हणतात, शोरूममधील विक्रेता उंच अ‍ॅडव्हेंचर गाडी सुचवतो आणि मला स्वतःला ६५० सीसीच्या दोन सिलिंडरच्या गाडीचा मोह आहे. आरामाचा विचार करता यांपैकी काय घ्यावे?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी आकडा सीसीचा नाही, ताशी ८५ किलोमीटर हा आहे. रोज तासाहून अधिक वेळ गाडी ज्या एका वेगावर धरून ठेवायची असते, त्या वेगावर इंजिन किती फेरे घेते, अंगावर वारा कसा येतो आणि पाठ कोणत्या कोनात राहते, यावरच मुक्कामी उतरताना शरीराची अवस्था ठरते. गादी किती मऊ आहे, हँडल किती रुबाबदार आहे, या गोष्टी शोरूममध्ये पाच मिनिटे बसण्यापुरत्या असतात.

प्रथम मुंग्यांबद्दल. बहुतेक १२५ सीसी गाड्या पाचव्या गिअरमध्ये ताशी ८५ किलोमीटरला मिनिटाला सात हजारांच्या आसपास फेरे घेतात, म्हणजे हँडलमधून आपल्या तळहातावर सेकंदाला शंभराहून अधिक बारीक धक्के बसत असतात. पिस्टनच्या वर-खाली होण्यातून निर्माण होणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे एकच इंजिन पाच हजारांवरून सात हजारांवर नेले की त्याची थरथर जवळजवळ दुप्पट होते. लांब स्ट्रोकची, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास लांब असलेली काही ३५० सीसी इंजिने ताशी ९० किलोमीटरला साडेचार हजारांच्या जवळपासच फिरत असतात, आणि त्यांत बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे पिस्टनचा धक्का खोडून काढणारा वजनदार फिरता दांडा, चांगला बसवलेला असेल तर हाताला जाणवतो तो एक संथ ठोका, ज्याने बोटे सहसा बधिर होत नाहीत. म्हणून नव्या गाडीची कमाल शक्ती विचारण्याआधी ‘सर्वांत वरच्या गिअरमध्ये ताशी ९०ला फेरे किती?’ हा प्रश्न विचारावा. विक्रेत्याला उत्तर ठाऊक नसण्याची शक्यता बरीच आहे, त्यामुळे चाचणी फेरीत मीटरवर ते आपणच पाहावे.

आपल्या मोहाविषयीही स्पष्ट लिहितो. दोन सिलिंडर आले म्हणजे थरथर आपोआप संपली, असे नसते. दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर-खाली होणारे, म्हणजे ३६० अंशांच्या रचनेचे इंजिन असेल तर तेथेही बॅलन्सर शाफ्टशिवाय भागत नाही. १८० अंशांच्या रचनेत एक पिस्टन वर जाताना दुसरा खाली येतो, त्यामुळे बराचसा धक्का आपसात खोडला जातो, मात्र इंजिनाची आडवे डुलण्याची प्रवृत्ती उरते. ६५० सीसी गाडी आपल्या वेगाला अगदी निवांत चालेल यात शंका नाही. तथापि तिचे वजन बहुधा २०० किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते, आणि दिवसभराच्या कामानंतर खाचखळग्यांच्या पार्किंगमधून ती मागे ओढताना तो निवांतपणा कितपत टिकतो, याचा विचार आपणच करावा.

शक्तीचा हिशेब मात्र अगदी सोडून देण्याजोगा नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे केवळ हवा कापण्यासाठी ताशी १०० किलोमीटरला ८०च्या तुलनेत जवळपास दुप्पट शक्ती खर्च होते. लहान इंजिनाची बरीचशी ताकद ८५ला टिकून राहण्यातच संपते आणि लांबलचक ट्रेलर ओलांडताना हाताशी फारसे काही उरत नाही. थ्रॉटल पूर्ण पिळलेला असताना शेजारून ट्रेलर सरकता सरकत नाही, तेव्हा खांदे आपोआप आखडतात. कंबर धरण्यात या ताणाचाही वाटा असतो.

आता बैठकीकडे वळू. क्रूझरवर पाय पुढे टाकलेले असल्याने धडाचा भार माकडहाडावर येतो. सपाट रस्त्यावर हे सुखाचे वाटते, पण खड्डा आला की फूटरेस्टवर जोर देऊन शरीर उचलता येत नाही आणि धक्का थेट मणक्यात जातो. आपली कंबर आधीच तक्रार करीत असल्याने क्रूझर मी आपल्याला सुचवणार नाही. याउलट स्पोर्ट्स गाडीवर भार मनगटांवर येतो. आपल्यासाठी मधली बैठक योग्य आहे : पाठ ताठ किंवा किंचित पुढे झुकलेली, कोपरे थोडी वाकलेली, पावले जवळजवळ गुडघ्यांच्या खाली. उभ्या गाडीवर बसून डोळे मिटावेत, हात सहज पुढे न्यावेत आणि मग डोळे उघडून पाहावे. हँडल बोटांपासून चार अंगुळे दूर असेल, तर ते अंतर रोज कंबरेलाच भरून काढावे लागेल.

अ‍ॅडव्हेंचर गाडीची बैठक या कसोटीला उतरते आणि तिचे लांब सस्पेन्शन खराब रस्त्याचे पट्टे चांगले पचवते. अडचण उंचीची आहे. केवळ सीटच्या उंचीचा आकडा पाहू नये, कारण ८१० मिलिमीटरची पुढे निमुळती सीट ७९० मिलिमीटरच्या रुंद सीटपेक्षा पायांना जवळची ठरू शकते. दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर नीट टेकले तरी पुरेसे आहे. उंच गाडीला आडव्या वाऱ्याचा त्रास अधिक होतो, हेही लक्षात ठेवावे.

तेव्हा माझे मत असे, की आपण ३०० ते ४०० सीसीच्या वर्गातील, सरळ बैठकीची, साधारण १५० ते १८० किलो वजनाची, शक्यतो सहा गिअरची गाडी शोधावी. सिलिंडर एक असो वा दोन, ९०ला ती शांत असली म्हणजे झाले. दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्यूबलेस टायर असावेत. ट्यूब असलेल्या टायरची हवा पंक्चर झाल्यावर एकदम जाऊ शकते, तर ट्यूबलेसची बहुधा हळूहळू जाते, आणि महामार्गाच्या वेगात हा फरक फार मोठा असतो.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती आरामाचाच भाग आहे. आपले वर्षाचे अंतर सुमारे २७ हजार किलोमीटर होते. दर पाच हजारांना सर्व्हिसिंग लागणारी गाडी वर्षातून पाच वेळा कार्यशाळेत जाईल, दहा हजारांची दोन-तीनदा. चेनला दर ५०० किलोमीटरला वंगण द्यायचे म्हटले तर ते आपले दर आठवड्याचे काम होते, म्हणून मागचे चाक उचलून फिरवता यावे यासाठी मधला स्टँड असलेली किंवा तो बसवता येणारी गाडी पाहावी. टाकी १२ लिटरची आणि सरासरी ३०ची असेल, तर दर तिसऱ्या दिवशी पंपावर थांबणे आले.

चाचणी फेरी दहा मिनिटांची घेऊन निर्णय करू नये. तेच मॉडेल एक दिवस भाड्याने मिळाले तर आपल्या नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेळी, पाठीवर नेहमीची बॅग घेऊन चालवावे. वरच्या गिअरमध्ये ९०वर स्थिर झाल्यावर आरशात पाहावे : मागच्या वाहनाचे दोन दिवे वेगवेगळे दिसत असतील तर उत्तम, ते पुसट होऊन एकमेकांत मिसळत असतील, तर ती थरथर लवकरच आपल्या बोटांतही उतरणार आहे. सीटची परीक्षा चाळिसाव्या मिनिटानंतर सुरू होते. मांडीच्या आतल्या बाजूला कडा रुतू लागली की काय ते कळते.

प्रश्न : नवी गाडी घेणे सध्या शक्य नाही. सीटवर जाड, मऊ गादी घातली, पण तासाभरानंतर त्रास वाढल्यासारखाच वाटतो. आहे त्या गाडीत काय करता येईल?

उत्तर : मऊ फोम तासाभरात दबून सपाट होतो आणि मग आपण प्रत्यक्षात सीटच्या तळावरच बसलेले असता. घट्ट फोम पहिल्या दहा मिनिटांत कडक वाटतो, पण बैठकीची हाडे उचलून धरतो. सीट बनवणाऱ्याकडून तोच, थोड्या रुंद आकारात भरून घ्यावा. सीट पुढे उतरती असेल तर ती सपाट करून घ्यावी, कारण पुढे घसरणारे शरीर मागे ढकलण्यातच पाठ थकते. मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, आपल्या वजनाप्रमाणे लावला आहे का, हे बरेच जण पाहतच नाहीत. आपण बसल्यावर सस्पेन्शन त्याच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश दबावे. टायरमधील हवा गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. हँडलच्या टोकांना जड वजने बसवल्याने थरथरीची वारंवारता सरकते आणि नेमक्या आपल्या वेगावरचा त्रास कधी कधी कमी होतो. खात्री देता येत नाही, पण प्रयोग सोपा आहे.

प्रश्न : वारा लागू नये म्हणून विंडस्क्रीन बसवली, तर हेल्मेटमधला आवाज उलट वाढला. असे का?

उत्तर : आपली काच छातीवरचा वारा अडवते, पण तिच्या वरच्या कडेवरून सुटणारी भोवऱ्यांची हवा नेमकी हेल्मेटवर आदळते. रिकाम्या, सरळ रस्त्यावर माफक वेगात फूटरेस्टवर किंचित उभे राहून पाहावे. डोके वर गेल्यावर आवाज कमी झाला, तर काच थोडी खाली आणणे हा उपाय आहे. किंचित खाली वाकल्यावर कमी झाला, तर ती उंच करावी किंवा वरच्या कडेला लहान वायुपट्टी लावावी. महामार्गाच्या वेगात हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो आणि रोज तासन्‌तास तो सोसणे कानांना घातक असते, म्हणून काच जमली तरी मोटरसायकलस्वारांसाठी मिळणारे, हॉर्न ऐकू येऊ देणारे फिल्टरचे कानबोळे, जेथे कायद्याने त्यांना मुभा आहे तेथे, अवश्य वापरावेत.